ब्रिजमधला 'डबल' आणि मराठीतला 'दुप्पट'

प्रश्न असा आहे: ब्रिज या पत्त्यांच्या खेळात, किती हात करू हे सांगायच्या बोलीत, प्रतिपक्षाने 'एक बदाम' म्हटलं की खेळाडू 'डबल' म्हणतो, आणि पुढच्याच फेरीला त्याचा भिडू 'एक इस्पिक' म्हणून ते डबल रद्दच करून टाकतो. मग 'दुप्पट' हा अर्थ उरला कुठे? मराठीत बोलताना या शब्दासाठी 'दुप्पट' वापरावं का? आणि 'डबल दिला' बरोबर की 'डबल केलं'?

आधी गुणांपुरतं पाहू, कारण 'दुप्पट' तिथेही पुरता बसत नाही. व्हल्नरेबल नसलेल्या (म्हणजे त्या डावात बक्षीस आणि दंड दोन्ही कमी असलेल्या) जोडीने दोन इस्पिकांची बोली घेतली आणि नेमके आठ हात (सहाच्या वर दोन) केले, तर तिला ११० गुण मिळतात: बोलीचे ६० आणि वरचे ५०. त्याच बोलीला डबल पडलेला असेल तर ४७०. साठाचे एकशेवीस होतात, एकशेवीस म्हणजे गेम (शंभर किंवा जास्त गुणांची बोली) धरला जातो, म्हणून वरच्या ५० ऐवजी त्याचे ३०० आणि डबल असूनही कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे शेवटी ठरलेली बोली, पुरं केल्याचे ५० वेगळे. उलट हेच कॉन्ट्रॅक्ट बुडालं तर कमी पडलेल्या एका हाताला ५० ऐवजी १००, दोन हातांना १०० ऐवजी ३००, तीन हातांना १५० ऐवजी ५०० द्यावे लागतात. म्हणजे नियमांच्या भाषेतही हा शब्द 'दुप्पट'पासून निघून थोडा पुढे गेलेला आहे.

बोलीतला त्याचा अर्थ त्याहून फार पुढे गेला आहे, आणि त्यामागे कारण आहे. 'तुमचं हे कॉन्ट्रॅक्ट होत नाही, दंड मोजा' हा मूळचा अर्थ. प्रतिपक्षाने नुकतंच 'एक बदाम' म्हणून तोंड उघडलंय आणि त्यांना फक्त सात हात करायचे आहेत, अशा वेळी हे सांगण्याजोगी पानं क्वचितच हातात येतात. म्हणजे त्या जागी हा शब्द जवळजवळ बिनकामाचा पडून होता. पहिल्या महायुद्धाच्या आसपास, आजच्या ब्रिजच्या आधीच्या ऑक्शन ब्रिजच्या काळात, अमेरिकेतल्या खेळाडूंनी त्याला नवं काम दिलं: 'माझ्याकडे बोली उघडण्याइतकी ताकद आहे, बदाम कमी आहेत, उरलेल्या तिन्ही रंगांना आधार आहे, तुझा सगळ्यांत लांब रंग सांग.' हाच आज टेकआउट डबल. वरच्या उदाहरणात भिडूने 'एक इस्पिक' म्हटलं ते विनंती पाळून. त्याच्याकडे एकही चित्राचं पान नसतं तरी त्याला बोलावंच लागलं असतं.

पुढची पायरी १९५७ सालची. भिडूने रंग उघडला आणि मध्ये प्रतिपक्षाने दुसरा रंग घातला, तर त्यावरचा डबल तोवर दंडाचा मानत. अॅल्व्हिन रॉथ आणि टोबायस स्टोन या अमेरिकन जोडीने तोही फिरवला. एक किलवर, त्यावर प्रतिपक्षाचं एक इस्पिक, त्यावर डबल: म्हणजे 'माझ्याकडे बदामाची चार पानं आहेत, पण दोन बदाम म्हणण्याइतकी ताकद नाही.' त्याच वर्षी रशियाचा उपग्रह आकाशात गेला होता, म्हणून या डबलला 'स्पुटनिक' म्हणू लागले. आजचं रूढ नाव निगेटिव्ह डबल.

या बदलातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. जुना अर्थ काढून घेतल्यावर तो बोलायचा कसा? समजा भिडूने एक इस्पिक म्हटलं, प्रतिपक्षाने दोन किलवर, आणि माझ्याकडे किलवरचीच राजा-राणीसकट पाच पानं आहेत. डबल म्हणता येत नाही, कारण भिडू त्याचा अर्थ 'बदाम आहेत' असा घेईल. म्हणून मी पास म्हणतो. पुढचा प्रतिपक्षीही पास म्हणतो. भिडूच्या हातात किलवर नावालाच आहे, तेव्हा मी गप्प का बसलो असेन हे ओळखून तो स्वतः डबल म्हणतो. त्याच्या बाजूने हा डबल 'बोल काहीतरी' असाच आहे. मी पुन्हा पास म्हणतो, आणि दोन किलवरला दंड बसतो. 'डबल'ने टाकलेला अर्थ 'पास'ने उचलला. एका शब्दाचा अर्थ सरकला की शेजारच्या शब्दालाही सरकावं लागतं, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

नेमका अर्थ ठरवायचा कसा, याचं उत्तर आपल्या परंपरेत फार पूर्वी दिलेलं आहे. 'सैंधव आण' असं जेवताना म्हटलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा. प्रकरणावरून अर्थ. ब्रिजमध्ये प्रकरण म्हणजे तोवर झालेली बोली. भिडू आधी काही बोललाय का, बोली कितीवर पोहोचलीय, प्रतिपक्षाचा रंग खरा आहे की सांकेतिक, हे पाहायचं. भिडू अजून बोललेला नाही आणि बोली खाली आहे, तर डबल बहुधा टेकआउट. प्रतिपक्षी आपापसात चढत चार इस्पिकांवर जाऊन थांबले, तर दंडाचा. स्लॅमवर (बारा किंवा तेरा हातांच्या बोलीवर) आला तर अमेरिकन खेळाडू थिओडोर लाइटनर यांच्या नावाचा: 'नेहमीची उतारी (पहिलं पान) करू नकोस, वेगळी कर.' आणि एक चौकट, पास, एक बदाम, एक इस्पिक, यानंतर पहिल्या खेळाडूने डबल म्हटलं, तर बऱ्याच जोड्यांत त्याचा अर्थ 'तुझ्या बदामाला माझी नेमकी तीन पानं आहेत'. एरिक रॉडवेल यांनी आणलेला हा सपोर्ट डबल सगळेच खेळत नाहीत, म्हणून जोडीने तो आधी ठरवून ठेवावा लागतो.

एवढे अर्थ असूनही शब्द एकच ठेवायचा, असं नियम बजावतो. 'दोन इस्पिकांना डबल' असंसुद्धा म्हणू नये, नुसतं 'डबल' म्हणावं. आवाज चढवून किंवा रेंगाळून भिडूला इशारा देणं नियमबाह्य आहे. बिडिंग बॉक्स (तोंडाने न बोलता दाखवायच्या बोलीच्या कार्डांचे डबे) आले आणि आवाजाचा प्रश्नच मिटला: सगळ्या डबलांना तेच लाल कार्ड. प्रतिपक्षाने अर्थ विचारला तर तो सांगायचा असतो भिडूने, म्हणजे ऐकणाऱ्याने, म्हणणाऱ्याने नव्हे. भिडू एकमेकांना दिसू नयेत म्हणून मध्ये पडदा लावून खेळतात तिथे रीत वेगळी.

म्हणूनच माझं मत: मूळ शब्द 'डबल'च राहू द्यावा. 'दुप्पट' म्हटलं की ऐकणाऱ्याचं लक्ष गुणांकडे जातं, आणि दहापैकी बहुतेक वेळा तिथे बोलणं गुणांबद्दल नसतं. विशेषणं मात्र मराठीत जरूर करावीत. 'दंडाचा डबल' चांगलं आहे आणि सहज कळतं. टेकआउटला 'बोलवता डबल' म्हणून पाहा. 'नकारात्मक डबल' टाळावं, कारण त्या डबलमध्ये नकार कशालाच नाही. उलट 'माझ्याकडे अमुक आहे' अशी कबुली आहे. इंग्रजीत पूर्वी टेकआउट डबललाच निगेटिव्ह म्हणत, दंडाचा नव्हे एवढ्याच अर्थाने. ते नाव पुढे या नव्या डबलला चिकटलं. तिथे 'निगेटिव्ह' तसाच ठेवावा.

राहिलं क्रियापद. 'डबल दिला' आणि 'डबल केलं' दोन्ही चालतील, पण मी 'दिला' म्हणेन. बोलीतला डबल ही भिडूला दिलेली खबर असते. गुणांची वही भरताना मात्र 'डबल केलेलं कॉन्ट्रॅक्ट' हेच नेमकं.