सरकारी नोकरीत ज्वालामुखींवर काम करता येतं का?

भूशास्त्रात एमएससी केल्यावर भारतात सरकारी नोकरीत ज्वालामुखींवर काम मिळतं का, आणि मिळालं तर नेमकं करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

मिळतं. वाट जीएसआयची, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची; त्यासाठी यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा द्यायची: पूर्व, मुख्य, मुलाखत. फक्त रोज धगधगता डोंगर दिसेल असं धरून चालू नका. देशात जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. खूप वर्षं शांत राहून 1991मध्ये तो पुन्हा पेटला. बेटावर वस्ती नाही, जायचं ते जहाजानेच. मला विचाराल तर खरी शाळा दख्खनचे घाटच आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा तिथे थरावर थर उघडा पडलेला आहे.

काम म्हणजे घाटरस्त्याने किंवा ओढ्यातून वर चढत लाव्हाचा एकेक प्रवाह वेगळा ओळखणं. तळाशी नळीसारखी उभी छिद्रं दिसतात; ती वाकलेली असतील तर लाव्हा कुठल्या दिशेला वाहिला तेही कळतं. मधला भाग घट्ट, माथा छिद्राछिद्रांचा. दोन प्रवाहांमध्ये कधी कधी लाल मातीचा थर सापडतो. पण नवख्यांची गफलत माथ्यापाशीच होते. पाहोहो प्रकारचा लाव्हा छोट्या छोट्या जिभांनी पसरतो आणि प्रत्येक जिभेला स्वतःचा छिद्रांचा माथा असतो. जिभा मोजल्या की एका प्रवाहाचे दहा होतात. म्हणून थर आडवा, शेजारच्या ओढ्यापर्यंत जाऊन पाहा.

उंची बॅरोमीटरवर घेत असाल तर नकाशावर उंची दिलेल्या जागी सकाळ-संध्याकाळ तो जुळवा. हवेचा दाब दिवसभरात 3-4 मिलिबार हलतो, म्हणजे 25-35 मीटरची चूक. अख्खा एक प्रवाह तेवढा असू शकतो!

नमुना घेताना कुजकी साल हातोडीने काढून आतला काळा, ताजा दगड घ्या. छिद्रांत झिओलाइट किंवा कॅल्साइट ही खनिजं भरलेला तुकडा रासायनिक विश्लेषणाला चालत नाही. कॅल्साइट पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने फसफसतं, झिओलाइट तसं फसफसत नाही, त्यामुळे भिंग हवंच. वय काढायला दगड पाठवण्याआधी त्याचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासा. खनिजं बदललेली असली तर ज्याच्यावरून वय मोजतात तो आर्गॉन वायू निसटलेला असतो आणि वय खऱ्यापेक्षा कमी येतं.