जायकवाडी शून्य टक्के, तरी नळाला पाणी कसं?

प्रश्न : दुष्काळी वर्षात उन्हाळ्यात बातमी येते, ‘जायकवाडी शून्य टक्क्यांवर’. तरी आमच्या नळाला पाणी येतं, उशिरा का होईना. मग हे शून्य खरं की खोटं?
– एक गृहिणी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, शून्य खरंच आहे, पण ते फक्त जिवंत साठ्याचं, म्हणजे कालव्यांत आपसूक उतरू शकणाऱ्या पाण्याचं. पाटबंधारे खात्यातली माझी उमेदीची वर्षं पैठणला गेली. हाच प्रश्न तिथे गावकरीही विचारायचे.

नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, काठोकाठ भरला, म्हणजे पातळी १५२२ फुटांवर गेली (पैठणला अजून फुटांतच बोलतात), की धरणात २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी असतं. टक्केवारी काढतात ती त्यातल्या २१७१ दलघमी जिवंत साठ्यावर. उरलेलं ७३८ दलघमी, म्हणजे सुमारे २६ टीएमसी (अब्ज घनफूट), हा मृतसाठा. ते पाणी कालव्याच्या दारांच्या खाली असल्यामुळे आपसूक कालव्यात उतरत नाही. म्हणून शून्य टक्क्यांना २०८ किलोमीटरचा डावा कालवा कोरडा पडतो, उजवाही. त्या कालव्यांवरच्या शेतकऱ्याचं खरंच सगळं संपलेलं असतं. शहराचं पाणी पंपाने उपसायचं असतं, म्हणून तुमचा नळ चालतो.

तेही सुखासुखी नाही. पातळी फार खाली गेली की काठ जॅकवेलपासून, म्हणजे पंप बसवलेल्या विहिरीपासून, लांब सरकतो. मग भेगाळलेल्या गाळातून चर खोदून पाणी जॅकवेलपर्यंत आणायचं, आपत्कालीन पंप बसवायचे, आणि पंपाच्या तोंडाशी गाळ येत नाही ना, हे रात्रंदिवस बघायचं.

शिवाय ७३८ हा आकडा मूळ आराखड्यातला. धरणाचं लोकार्पण १९७६ साली झालं. तेव्हापासून गोदावरी गाळ आणतेच आहे, त्यामुळे आज तेवढं पाणी तिथे नाही. जलाशय उथळ आणि सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलेला, त्यामुळे उन्हाळ्यात वाफ होऊन जाणारं पाणीही थोडंथोडकं नसतं. माझं स्पष्ट मत आहे की टक्केवारीशेजारी मृतसाठाही दरवेळी छापला पाहिजे.

तुम्ही १५ ऑक्टोबरचा आकडा बघत जा. त्या दिवशी जिवंत साठा ६५ टक्क्यांहून कमी असला, तर समन्यायी वाटपाच्या, म्हणजे वरच्या-खालच्या धरणांत पाणी न्याय्य वाटून घेण्याच्या, सूत्रानुसार नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून आपल्यासाठी पाणी सोडावं लागतं. ते मागायची वेळ तीच. मे महिन्यात वरची धरणंही तळ गाठत आलेली असतात.