येहेझकेल की एझिकेल? आधी बाबांचं नाव बघा

प्रश्न : आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मुलगा साडेदहा महिन्यांचा आहे. आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी पणजोबांवरून त्याचं नाव येहेझकेल ठेवलं. जन्मदाखल्यात मात्र नावाचा रकाना अजून कोराच आहे. यांचं म्हणणं, कागदावर त्याचंच इंग्रजी रूप एझिकेल लिहू, लोकांना उच्चारता येतं. नणंद अश्दोदला असते. ती म्हणते, पुढेमागे इस्रायलला यायचं असेल तर हिब्रू नावच लिहा, नाहीतर पस्तावाल. सासूबाईंना दोन्ही नावं हवीत. दाखल्याचा फॉर्म सासऱ्यांनी भरला होता, त्यात यांचं नाव याकोव लिहिलंय. आधार, पासपोर्टवर जेकब आहे. पेणजवळ थोडी जमीन आहे, सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव, तेही ‘हसाजी’. काय करावं? — एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, मुलाच्या नावावर तुम्ही पाच ओळी लिहिल्यात आणि खरी अडचण एका वाक्यात उरकलीत. मुलाचा रकाना कोरा आहे, म्हणजे तिथे अजून काहीच बिघडलेलं नाही. बिघडलंय ते वडिलांच्या रकान्यात.

तुमचा मुलगा १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेला आहे. त्या तारखेपासून जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि अशा मुलांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. शाळाप्रवेश, पासपोर्ट, पुढे मतदारयादी, लग्नाची नोंदणी, सरकारी नोकरी, सगळीकडे हाच कागद. त्यात बाप याकोव आणि बापाच्या पासपोर्टवर जेकब, तर प्रत्येक खिडकीवर ‘हा माणूस तोच कशावरून?’ हे ऐकावं लागणार. इस्रायलला जायचं ठरलं तर जास्तच, कारण तिथे तुम्हाला ज्यू आईबापांची साखळी कागदावर दाखवायची असते. मुलाचं नाव कोणत्या भाषेत आहे याच्याशी तिथल्या अधिकाऱ्याला फारसं देणंघेणं नाही. हा मुलगा या आईबापांचा, आणि हे आईबाप अमक्या आजोबांचे, हे दाखले, लग्नाची नोंद आणि केतुबा (ज्यू विवाहाचा करारनामा) मिळून जुळतंय का, हे तो बघेल.

त्यामुळे पहिला अर्ज वडिलांच्या नावाच्या दुरुस्तीचा करा. १९६९ च्या कायद्याचं कलम १५ त्यासाठीच आहे. निबंधक मूळ नोंद खोडत नाही, समासात दुरुस्ती लिहून सही करतो. सोबत यजमानांचं आधार, पासपोर्ट, त्यांचा स्वतःचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला द्या. चूक नुसती लेखनाची नाही, आशयाची धरली गेली तर प्रकरण माहीत असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचं निवेदन लागतं. त्यातले एक सासरेच असू देत. फॉर्म त्यांनीच भरलाय. जेकब आणि याकोव एकच, हे त्यांच्याइतकं ठामपणे कोण सांगणार?

आता मुलाकडे. नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत नाव घातलं तर शुल्क लागत नाही. नंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. म्हणजे दीड महिना उरलाय म्हणून घाबरून काहीतरी लिहून टाकू नका. एकदा लिहिलं की मात्र परतीची वाट अरुंद आहे. कलम १५ चुकीसाठी आहे, मत बदललं यासाठी नाही. मग राजपत्रात नावबदल, पासपोर्टसाठी वेगळे कागद, शाळेत वेगळा अर्ज, असं सुरू होतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिग्या यादव विरुद्ध सीबीएसई या खटल्यात नाव हा माणसाच्या ओळखीचा भाग मानला, हे खरं. पण त्या निकालाचा उपयोग अडलेल्याला होतो. मुद्दाम अडायला कशाला जायचं?

‘हिब्रू की इंग्रजी’ हा प्रश्न तुमच्या घरात आहे, कायद्यात नाही. आपला दाखला मराठी आणि इंग्रजीत निघतो. येहेझकेल लिहिलंत तरी ते हिब्रू अक्षरांत उमटणार नाही, देवनागरी आणि रोमन लिपीतच उमटेल. कागदोपत्री ही दोन वेगळी स्पेलिंगं आहेत, म्हणजे खिडकीवर दोन वेगळी माणसं समजली जाण्याची भीती.

नणंदबाईंच्या म्हणण्यात काळजी आहे, पण हिशेब उलटा आहे. तिथे ओळखपत्र हिब्रूत लिहितात आणि एझिकेल हे हिब्रूत मुळात येहेझकेलच आहे. नोंद करताना कारकुनाने कानावर पडलं तसं ‘एझिकेल’ अक्षरं जुळवून लिहू नये, यासाठी आधीच सांगायचं की नाव येहेझकेल आहे. शिवाय तिथला १९५६ चा नावांचा कायदा नाव बदलायची मोकळीक देतो. एकदा बदलल्यावर पुन्हा बदलायला सात वर्षं थांबावं लागतं किंवा मंत्र्यांची परवानगी लागते, एवढी अट आहे. म्हणजे तिकडे नाव बदलणं सोपं आणि इकडे अवघड. म्हणून जिथे अवघड आहे, तिथे सोयीचं नाव आधी लिहावं.

मला विचाराल तर कागदावर एझिकेल लिहा. घरातले कागद जेकब या इंग्रजी रूपातच आहेत, त्या साखळीत एझिकेल नीट बसतं. हिब्रू नावाला त्याने धक्का लागत नाही. सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात) तोरा हा धर्मग्रंथ वाचायला बोलावतील तेव्हा ‘येहेझकेल बेन याकोव’ (याकोवचा मुलगा येहेझकेल) अशीच हाक येईल, केतुबातही तेच लिहिलं जाईल. त्यासाठी महापालिकेचा शिक्का लागत नाही. अपवाद एकच : वर्षा-दोन वर्षांत जायचं नक्की असेल, तर सुरुवातीपासून येहेझकेलच ठेवा, म्हणजे भारतीय आणि इस्रायली कागदांत फूट पडणार नाही. नाहीतर पुढे तिथलं नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, आणि नंतर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) काढताना जुन्या-नव्या पासपोर्टवरची नावं जुळत नसतील तर नावबदलाचा पुरावा मागतात.

सासूबाईंचा दोन्ही नावांचा तोडगा मायेचा आहे, पण नको. ‘एझिकेल येहेझकेल’ म्हणजे एकच नाव दोनदा. त्यात आपल्याकडे मधे वडिलांचं नाव येतं. पासपोर्टवर आडनाव सोडून उरलेलं सगळं एकाच ओळीत जातं. तिथे ‘एझिकेल येहेझकेल जेकब’ असं तीन डब्यांचं नाव झालं, की इस्रायलमध्ये जेकबही मुलाचंच नाव म्हणून नोंदलं जाण्याची भीती. वडिलांसाठी तिथे वेगळी ओळ असते, हे त्या अधिकाऱ्याला आवर्जून दाखवा.

एक बारीक गोष्ट. संगणक इंग्रजीवरून देवनागरी आपोआप उमटवतो आणि ‘झ’ च्या जागी काय येईल सांगता येत नाही. छापण्याआधीची प्रत दोन्ही लिप्यांत अक्षरन् अक्षर वाचा. एझिकेलचं ‘एजेकिल’ झालेलं चार वर्षांनी शाळेत कळलं, तर पुन्हा कलम १५.

इतर वाचकांना कदाचित नवल वाटेल, पण या समाजात एका माणसाला तीन नावं असणं जुनंच आहे. मी अलिबागकडचा. आमच्या भागात घाणा चालवणाऱ्या आणि शनिवारी काम न करणाऱ्या या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुंबईत मांडवीला १७९६ साली सिनेगॉग बांधणारे सामुएल एझिकेल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी होते. मुलाच्या पणजोबांचं सातबाऱ्यावरचं हसाजी याच पद्धतीतून आलंय : हसाजी, एझिकेल, येहेझकेल, माणूस एकच.

तलाठ्याला मात्र हे माहीत असण्याचं कारण नाही. मृत्यूदाखल्यावर एझिकेल आणि सातबाऱ्यावर हसाजी असेल, तर वारस नोंदीचा फेरफार अडू शकतो. ज्यूंच्या वारसाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, म्हणून वारस कोण हे ठरवणं तसं सरळ आहे. अडतं ते नावापाशी. सासऱ्यांनी अर्ज करावा. जुनं खरेदीखत, सिनेगॉगच्या दप्तरातली नोंद, गावातल्या जाणत्यांचे जबाब आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं. तरी मान्य झालं नाही, तर दिवाणी न्यायालयातून १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली वारस दाखला मिळवता येतो.

हे काम मुलाच्या दाखल्याइतकंच लवकर करा. हसाजींना एझिकेल म्हणून हाक मारलेली ज्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली, असे साक्षीदार आता सासऱ्यांच्याच पिढीत उरलेत.