मोटरचं बिल शून्य, मग पैसे भरतं कोण?

प्रश्न: मी दारव्हा तालुक्यातली, बी.ए. पहिल्या वर्षाला आहे. बारावीला गणित नव्हतं. आमच्या 5 एचपी मोटरचं बिल शून्य येतं आणि पेपरात राज्याच्या तुटीची बातमी असते. यांचा संबंध अभ्यासायचं काम मला जमेल का?

उत्तर: जमेल, पण गणिताला वळसा घालून नाही.

आधी संबंध बघ. 5 एचपी म्हणजे 3.73 किलोवॅट, 8 तास चालली की साधारण 30 युनिट. बिल शून्य असलं तरी चंद्रपूरच्या वीज केंद्रात कोळसा जळालेलाच असतो. सवलत द्यायची तर राज्याने ती रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यावी, असं वीज कायदा 2003 चं कलम 65 सांगतं. ती रखडली की कंपनी वीजनिर्मितीचे पैसे थकवते, मग कर्ज काढते. 2015 च्या 'उदय' योजनेत वितरण कंपन्यांचं 75 टक्के कर्ज राज्यांनी अंगावर घ्यायचं ठरलं, ते यातूनच. म्हणून नुसता अर्थसंकल्प वाचू नकोस, कंपनीचा ताळेबंद शेजारी ठेव.

राजकोषीय तूट आणि महसुली तूट यांत बहुतेकांची गल्लत होते. पहिली म्हणजे वर्षभराची कर्जाची गरज. दुसरी म्हणजे रोजच्या खर्चाला महसूल कमी पडणं; ती असेल, तर त्यातलं तेवढं कर्ज पगार, व्याज, अनुदानात जातं. तेवढं विजेचं उपकेंद्र उभारायला उरत नाही.

खरी मेख बिनमीटरच्या पंपांत आहे. त्यांचा वापर अंदाजाने धरतात. अंदाज फुगला की चोरी आणि गळती शेतकऱ्याच्या नावावर खपते. हे शोधणारी माणसं आपल्याला हवीत, आणि ती गावातून आलेली असली तर फारच बरं.

आता तयारी. अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं आण. अवकलन (डिफरन्सिएशन), निश्चयक (डिटर्मिनंट), संभाव्यता वर्षभरात पक्की कर. मग अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी: नागपूर, अमरावती किंवा पुण्याची गोखले संस्था. पुढे विजेचे दर ठरवणारा नियामक आयोग, संशोधन संस्था किंवा यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा. त्या सेवेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि 21 ते 30 वय लागतं. उत्तरं इंग्रजीतच लिहावी लागतात, म्हणून आजपासून रोज एक पान इंग्रजीत लिही.

सुट्टीत तुमच्या डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) मोटरी मोज. एचपी, विहीर की बोअर, आठवड्यात किती तास चालते, हे रकाने कर, युनिट काढ आणि आयोगाच्या दरआदेशात शेतीसाठी धरलेल्या वापराशी ताडून बघ. माहिती शेतकऱ्यांना विचारूनच घे; डीपीच्या पेटीला हात लावू नकोस.