14 वर्षांच्या मुलाला तीव्र टॉरेट (नकळत झटके आणि आवाज होण्याचा मेंदूचा विकार) आहे, गोळ्यांनी फरक नाही. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया करावी का? घरचे म्हणतात, तो मुद्दाम करतो.

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या आमच्या घरी माझ्या धाकट्या भावाने लहानपणभर हेच ऐकलं. मान इतक्या जोरात मागे फेकली जायची की पुढे हाताला मुंग्या यायला लागल्या. गणपतीच्या आरतीला मोठे काका त्याला मुद्दाम पुढे उभं करायचे. पोरगं आरती संपेपर्यंत कसंबसं थोपवून धरायचं आणि प्रसाद वाटताना सगळे झटके एकदम उसळायचे. काकांचं ठरलेलं, "आरतीत थांबला ना? म्हणजे जमतं त्याला." अहो, शिंकसुद्धा थोडा वेळ दाबता येते!

27 व्या वर्षी मुंबईत त्याचं डीबीएस, म्हणजे तुम्ही विचारताय तीच शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या आतल्या थॅलॅमस नावाच्या भागात तारा, छातीच्या कातडीखाली बॅटरी. "मन खंबीर हवं, मशीन कशाला?" म्हणून काकांनी तेव्हाही घर डोक्यावर घेतलं. सुरुवातीचे महिने करंट कमीजास्त करण्यातच गेले, मध्ये बोलणंही जड झालं होतं. मग मान शांत झाली. घशातला आवाज अजून आहे, पण नोकरी टिकली. पुढे बॅटरी उतरली तेव्हा मान पुन्हा उडायला लागली, नवी बसवल्यावर थांबली. माणूस तोच, मन तेच. बदलली ती बॅटरी.

14 व्या वर्षी मात्र घाई नको, असं माझं स्पष्ट मत. टिक्सचा, म्हणजे या झटक्यांचा आणि आवाजांचा, जोर बहुधा 10 ते 12 च्या सुमारास सर्वात जास्त असतो, पुढे अठरापर्यंत पुष्कळांचा आपोआप ओसरतो. गोळ्या कोणत्या झाल्या? रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल, क्लोनिडीन हे सगळं नीट झालं का? झटक्याआधीची ओढ ओळखून उलट हालचाल शिकवणारी थेरपी झाली का? नसेल तर आधी ती.

मानेच्या मणक्याला धोका असेल तर मात्र वयासाठी अडून बसू नका. आणि हा रामबाण नव्हे. टॉरेटसाठी ही शस्त्रक्रिया 1999 पासून होते आहे. 2018 मध्ये 10 देशांतल्या 185 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. वर्षभरात तीव्रता सरासरी 45 टक्के उतरली, पण 1.3 टक्क्यांना मेंदूत रक्तस्राव आणि 3.2 टक्क्यांना संसर्ग झाला.

पुढच्या वेळी 'मुद्दाम' म्हणणाऱ्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे सोबत न्या. मुलासमोरच विचारू दे त्यांना. आमच्याकडे हे कोणी केलं नाही, म्हणून काका आजही लग्नकार्यात "थोडं मनावर घेतलं असतं तर" सुरू करतात. मी तिथल्या तिथे, चारचौघांत, त्यांना गप्प करते. तुम्हीही करा.