आजचं व्यावसायिक बॉक्सिंग जुन्या काळाच्या तोडीचं आहे का?

तुम्ही विचारलंय की आजचे व्यावसायिक बॉक्सर रॉबिन्सन, अली, ड्युरान यांच्या काळातल्या बॉक्सरांच्या तोडीचे आहेत का, की दर्जा खरोखरच घसरलाय. माझं मत असं की अगदी वरचे पाच-सहा जण कुठल्याही काळात ताठ मानेने उभे राहिले असते. त्यांच्या खालची फळी मात्र पूर्वीपेक्षा कच्ची आहे, कारण ती लढतेच फार कमी.

१९४३चा फेब्रुवारी घ्या. ५ तारखेला शुगर रे रॉबिन्सन डेट्रॉइटमध्ये जेक लामोटाकडून हरला. व्यावसायिक कारकिर्दीतला तो त्याचा पहिलाच पराभव. १९ तारखेला त्याने जॅकी विल्सनला हरवलं आणि २६ तारखेला पुन्हा डेट्रॉइटमध्येच, आपल्याहून वजनदार लामोटासमोर उभं राहून पराभवाची परतफेड केली. तीन आठवड्यांत तीन लढती! त्यानंतर थेट १९५१पर्यंत तो हरला नाही. त्याच्या एकूण लढती २००च्या आसपास भरतात. आजचा आघाडीचा बॉक्सर वर्षाला एक-दोनदा रिंगमध्ये उतरतो.

याने काय फरक पडतो, हे मला थोडंफार अंगावर कळलंय. मी काही वर्षं हौशी पातळीवर खेळलोय. वर्षभर बॅगवर घाम गाळून जे उमगत नाही, ते अनोळखी प्रतिस्पर्ध्यासमोर नऊ मिनिटांत उमगतं. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) हुकला की आपला हात किती उशिरा परत येतो, दमल्यावर हनुवटी नकळत कशी वर जाते, हे दुसरा कोणी शिकवू शकत नाही. जुन्या काळातल्या साध्या, कधीच विजेता न झालेल्या बॉक्सरनेही असे धडे पन्नास-साठ वेळा गिरवलेले असायचे.

त्यातली एक विद्या तर जवळजवळ लोपच पावली आहे, ती म्हणजे अगदी अंगाला अंग लावून लढण्याची. जून १९८०ची माँट्रियलची लढत पाहा. रॉबर्टो ड्युरान शुगर रे लिओनार्डच्या छातीशी डोकं नेतो, एका हाताने त्याचा दंड अडवतो, खांद्याने त्याला अर्धं पाऊल मागे रेटतो आणि तेवढ्याच फटीतून बरगडीत ठोसा घालतो. पंधरा फेऱ्या हेच चाललंय. आज बहुतेक जण इतके जवळ आले की मिठी मारतात आणि पंच येऊन सोडवतो.

दुसरं दुखणं म्हणजे पराभवाच्या रकान्यातला शून्य जपण्याचं वेड. लिओनार्ड, ड्युरान, हॅगलर आणि हर्न्स हे चौघं १९८० ते १९८९ या काळात आपसात नऊ लढती लढले. चौघंही हरले आणि चौघांचंही नाव आजतागायत मोठंच आहे. याउलट मेवेदर आणि पॅकियाव या आपल्या पिढीतल्या दोन बड्या बॉक्सरांच्या लढतीची बोलणी २००९मध्ये सुरू झाली आणि ते समोरासमोर आले २ मे २०१५ला, ३८ आणि ३६ वर्षांचे होऊन. त्या सहा वर्षांचं मला आजही वाईट वाटतं.

विजेतेपदांचं तर विचारूच नका. पूर्वी वजनगट आठ होते. १९३८मध्ये हेन्री आर्मस्ट्राँगकडे एकाच वेळी त्यातल्या तीन गटांची विजेतेपदं होती. आता गट सतरा-अठरा, त्यात डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संघटना, आणि प्रत्येकीचा पट्टा वेगळा. ‘जगज्जेता’ म्हटल्यावर कोण, हे नेमकं सांगता येत नाही.

पण म्हणून जुनं ते सगळं सोनं, असंही मी म्हणणार नाही. याच लामोटाने १९४७मध्ये बिली फॉक्सविरुद्धची लढत गुंडांच्या सांगण्यावरून मुद्दाम सोडली, आणि १९६०मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे तशी कबुली दिली. चार्ली बर्लीसारख्या अव्वल कृष्णवर्णीय बॉक्सरला विजेतेपदासाठी एकदाही संधी मिळाली नाही. आणि पंधरा फेऱ्यांची किंमतही माणसांनी मोजली. नोव्हेंबर १९८२मध्ये डक कू किम हा कोरियन बॉक्सर रे मॅन्सिनीविरुद्ध १४व्या फेरीत कोसळला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती १२ फेऱ्यांवर आल्या. त्या पुन्हा वाढवाव्यात असं म्हणणारे चाहते अजून भेटतात. मला ते मुळीच पटत नाही.

आता आजचे. नाओया इनोऊए दोन वजनगटांत चारही पट्टे घेऊन बसला. टेरेन्स क्रॉफर्डने सप्टेंबर २०२५मध्ये, ३७व्या वर्षी, दोन गट वर चढून कानेलो आल्वारेझला हरवलं. बिव्होल आणि बेटरबिएव्ह चार महिन्यांत दोनदा भिडले आणि एकेक लढत जिंकले. अगदी जुन्या काळासारखं! आणि ओलेक्सांद्र उसिक. मे २०२४मध्ये रियाधला त्याच्यासमोर टायसन फ्युरी होता, त्याच्याहून ६ इंच उंच आणि १५ किलोहून अधिक जड. मधल्या फेऱ्यांत फ्युरीच्या अपरकटांनी, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशांनी, उसिक बेजार झाला होता. नवव्या फेरीत त्याचा डावा हात लागला आणि एवढा मोठा फ्युरी या दोरावरून त्या दोरावर झोकांड्या खाऊ लागला. शेवटी पंचाने मध्ये पडून, तो कोसळल्यासारखाच धरून, आकडे मोजले. १९९९मध्ये लेनॉक्स लुईस निर्विवाद, म्हणजे सगळे प्रमुख पट्टे एकट्याकडे असलेला, हेवीवेट विजेता झाला, त्यानंतर ही लढत जिंकून तो मान मिळवणारा उसिक पहिलाच. रॉकी मार्सियानो ८४ किलोंच्या आसपास लढायचा, म्हणजे आज तो हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटात बसला असता. एवढ्या अजस्र माणसांशी लढण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच आली. उसिकला मी म्हणूनच कुठल्याही जुन्या हेवीवेटपेक्षा कमी लेखत नाही.

तुम्हाला स्वतः ताडून पाहायचं असेल तर माँट्रियल १९८० आणि रियाध २०२४ एकामागोमाग पाहा, आवाज बंद करून. पहिल्या लढतीत ड्युरानचं डोकं कुठे असतं ते बघा, दुसऱ्या लढतीत फक्त उसिकचे पाय.