त्या 'आमेन'चं काय करू?

"आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली त्याच दिवशी माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. डॉक्टर म्हणाले, तिला एवढ्यात सांगू नका, झेपणार नाही. आईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, त्याला ताप आहे. चौथ्या दिवशी ती अतिदक्षता विभागातून बाहेर आली. आता सांगायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझी हिंमत झाली नाही. सांगितलं एकोणिसाव्या दिवशी. तोवर रोज रात्री ती माझा हात धरून त्याचा ताप उतरावा म्हणून प्रार्थना करायची, आणि मी 'आमेन' म्हणायचे. आता ती माझ्याशी बोलत नाही. नवरा म्हणतो, परिस्थितीच तशी होती, पाप कसलं? आमचे पाळक म्हणतात, देवाची आज्ञा परिस्थिती बघून बदलत नाही. खरं कोणाचं?"

लेकी,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या 'आमेन'पाशी थांबले. भावाला मूठमाती देऊन यायचं आणि आईच्या उशाशी बसून त्याच्या तापाबद्दल बोलायचं! तुला रडायलाही कोणी वेळ दिला नाही गं.

जवळजवळ तुझाच प्रसंग सोळाशे वर्षांपूर्वी लिहिला गेलाय. इ.स. 420 च्या सुमारास संत ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मगुरूने खोटेपणाविरुद्ध लिहिताना एक अत्यवस्थ बाप डोळ्यांपुढे आणला. त्याचा एकुलता मुलगा मेलाय, त्याला ठाऊक नाही, आणि तो विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे ना? खरं सांगितलं तर बापही जाईल. ऑगस्टीनचा निर्णय कडक आहे: तरीही खोटं बोलू नये. पण तिथेच तो कबूल करतो की मी माणूस आहे, माणसांत राहतो, अशा वेळी माझंही मन पुष्कळदा हार खातं. त्याचा स्वतःचा मुलगा कोवळ्या वयात वारला होता. म्हणून मला त्याच्या कडकपणाचा राग येत नाही. तुमच्या पाळकांनी आज्ञा बरोबर सांगितली. ही कबुलीही सांगायला हवी होती.

तुझ्या नवऱ्याच्या बाजूनेही जाणते लोक बोललेत. 1966 साली जोसेफ फ्लेचर या अमेरिकन धर्मपंडिताने मांडलं की प्रेम हाच एक अढळ नियम, बाकी सगळं प्रसंगावर. मला ते पुरेसं वाटत नाही. आपलं प्रेम कुठे संपलं आणि भीती कुठे सुरू झाली, हे ठरवणारे आपणच, आणि नेमके तेव्हाच आपण घाबरलेले असतो.

बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणी आठव. इब्री, म्हणजे इस्राएली, मुलगे जन्मताच मारा, असा इजिप्तच्या राजाचा, फारोचा, हुकूम होता. त्यांनी पोरं वाचवली आणि फारोला सांगितलं, या बायका आम्ही पोचायच्या आतच बाळंत होतात. देवाने त्यांचं भलं केलं. फारोला ते सत्य हवं होतं पोरांचा गळा घोटायला. तुझी आई फारो नव्हे. तिचाच मुलगा, तिचंच दुःख; ते सत्य तिच्या मालकीचं होतं.

मला विचारशील तर आज्ञा बदलत नाही. कोणतं देणं आधी चुकवायचं, ते मात्र प्रसंग ठरवतो. येशूने शब्बाथ, म्हणजे काम न करण्याचा पवित्र दिवस, मोडीत काढला नाही. वाळलेल्या हाताचा माणूस समोर उभा होता, त्याला त्याच दिवशी बरं केलं. पहिले चार दिवस आईचा जीव आधी होता. 'ताप आहे' ऐवजी 'आज त्याला येता येत नाही' एवढंच म्हणता आलं असतं, पण त्या रात्री असे शब्द सुचायला दगडाचं काळीज लागतं. ते चार दिवस तू देवाच्या हाती सोपव. पण त्यामुळे सत्य फक्त पुढे ढकललं गेलं होतं, माफ झालं नव्हतं. मधले पंधरा दिवस तू आईला नाही, स्वतःला जपलंस. नवरा 'परिस्थिती' म्हणतो तेव्हा तुला बरं वाटत नाही ते यामुळेच, असं मला वाटतं.

आणि 'आमेन' म्हणजे 'खरोखर, तसंच होवो'. तू आईला फसवलंस हे एक. ती देवाशी बोलत होती त्यातही तू खोट्याची साथ दिलीस. तिला बहुधा तेच लागलंय.

म्हणून तिच्याकडे जा, पण डॉक्टरांचं नाव पुढे करू नकोस. तिचा जीव वाचवल्याची माफी मागू नकोस. त्या पंधरा दिवसांची माग, आणि त्या 'आमेन'ची नाव घेऊन माग. ती गप्प राहिली तर तूही गप्प बस, उठून जाऊ नकोस. मग तिला भावाचा शेवटचा दिवस सांग: कोणता शर्ट घातला होता, कोणतं गीत म्हटलं, पेटीला खांदा कोणी दिला, माती कोणी लोटली. तिला तिथे उभं राहता आलं नाही. विचारेल ते सगळं सांग, दहा वेळा विचारलं तरी. आणि रात्री तिने पुन्हा प्रार्थनेला हात पुढे केला, तर तो धर.

तुझी,
मावशी